रिकाम्या घरातला धवला

१

खाडीकाठच्या आगऱ्यांमध्ये लग्नाला भटजी थोडा उशिरा आला तरी कुणी फारसं मनावर घेत नाही. धवलारीण मात्र वेळेवर लागते. हळद दळायला घेतल्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं हवं, आणि धवला म्हणजे काही चार-दोन ओव्यांचं काम नाही. सगळा सलग म्हणायला बसलं तर सकाळी सुरू केलेला दुपार कलते तेव्हा संपतो. कागदावर त्यातलं एक अक्षर नसतं. जे काही असतं ते बाईच्या डोक्यात, आणि या गावापुरतं ते एकट्या रंभाबायच्या डोक्यात होतं.

एकोणीसशे एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर रंभाबायच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ शाबूत राहिली, पण आवाज फाटला. दोन ओळी म्हटल्या की धाप लागायची. तिच्या आजारपणाचं गावाला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर पुढच्या लग्नांचं काय, या काळजीनं जास्त वाईट वाटलं. सगळ्यात मोठी धास्ती हरेश्वरला. त्याच्या मुलीचं, येसूचं लग्न वैशाखात ठरलेलं.

हरेश्वर आपल्या धाकट्या भावाच्या, धर्माच्या घरी आला आणि ओटीवर न टेकताच धर्माच्या बायकोला म्हणाला, "शकू, तूच शिक. दहा वर्सं तिच्या मागं झेलतेस ना?"

धवलारीण ओळ उचलते आणि मागं बसलेल्या बायका ती झेलतात, म्हणजे तीच ओळ जशीच्या तशी पुन्हा म्हणतात. शकू झेलण्यात पटाईत होती. ओळ पडायच्या आत तिच्या ओठांवर आलेली असायची. पण झेलणं वेगळं आणि येणं वेगळं. पुढची ओळ आली की मागची तिच्या डोक्यातून उडून जायची.

"मना नाय जमायचा, भावजी. हिशोबाचं चार आकडे माझ्या ध्यानात रवत नाय."

"मंग येसूला काय लाउडस्पीकरच्या रेकॉर्डवर सासरी पाठवू?" हरेश्वर म्हणाला आणि त्याचा आवाज असा भरून आला की शकूला हो म्हणावंच लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मिठागरावरचं काम आटोपलं की ती दुपारी रंभाबायकडे जाऊ लागली. रंभाबाय खाटेवर उशीला टेकून बसलेली असायची.

"पाठ करू नको," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. "पाठ केलेला सांडतो. घरात ठेव."

"घरात म्हंजे?"

"डोले मिट. तुझा घर डोल्यासमोर आन. धवल्याचं नऊ भाग हायेत. पयला आंगनात ठेवायचा. दुसरा ओटीवर, तिसरा जात्यापाशी, चवथा माजघरात. मंग चूल, मंग रांजन, देव, कनगी. नववा मागल्या दारात. गाताना घरातून चालत जायचा. जिथं जो ठेवलास तिथं तो मिलतो."

शकूला हसू आलं. एवढी साधी युक्ती, आणि आपण रंभाबायला दैवी समजत होतो.

"बाय, माझ्या घराला मागला दारच नाय. कनगीच्या मागं भिंत."

"तिथवर ये तरी. मंग बघू." मग रंभाबायने उजव्या हाताचं बोट उचललं. "आनि एक. पयला घर रिकामा कर. भांडीकुंडी रवली तरी चालेल, मानूस ठेवू नको. धवला रिकाम्या घरात गायचा."

"कनाला?"

"माझ्या बायनं मना शिकवताना तसाच सांगितला," रंभाबाय म्हणाली आणि पहिली ओळ उचलली.

२

घर रिकामं करायला शकू आपल्या खऱ्या घरातच बसली, दार लोटून, दुपारच्या उजेडात, डोळे मिटून. अंगण झाडलं. ओटीवर धर्मा विडी ओढत बसलेला दिसला. "उठा, भायेर जा," ती मनातल्या मनात म्हणाली, आणि धर्मा खऱ्या आयुष्यात कधी नव्हे तो मुकाट्याने उठून गेला. येसू आली होती, तिला पाठवलं. शेजारीण ताक मागायला आली होती, तिलाही पाठवलं.

जात्यापाशी हौशी बसली होती.

हौशी शकूची मुलगी. सहा वर्षांपूर्वी, भादव्यात, तीन दिवसांच्या तापाने गेली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. धर्माने तिचे झगे कुणाकुणाला देऊन टाकले आणि त्यानंतर तिचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. शकूने हट्ट केला नाही. तिला गरजच नव्हती. डोळे मिटले की पोरगी जात्यापाशी असायची, एक पाय लांब करून, सुपातले तांदूळ मुठीत घेऊन बोटांतून सोडत. शकू रोज दुपारी तिला घटकाभर बघून घ्यायची आणि मग उरलेला दिवस काढायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटतही नव्हतं.

"हौशे," ती म्हणाली, "उठ गो बाय. जरा भायेर जाऊन बस."

पोरीने मान वर केली. फक्त बघितलं, खेळ मोडल्यावर मुलं बघतात तसं. अंगणात ऊन होतं. एकदा घराबाहेर गेलेली ती, तिला आपण पुन्हा आत आणू शकू याची शकूला खात्री नव्हती.

"बस, बस. पन गप बस हां."

हौशीने पुन्हा मुठीत तांदूळ घेतले. शकूने तिसरा भाग तिच्याच शेजारी ठेवून दिला. एवढ्याशा पोरीने असं काय बिघडणार होतं? रंभाबायला यातलं काही सांगायचं नाही, असंही तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

३

धवला शिकणं इतकं सोपं जाईल असं तिला वाटलंच नव्हतं. ती घरातून चालायची आणि ओळी आपोआप यायच्या. अंगणात मांडवाच्या, ओटीवर पाहुण्यांच्या, जात्यापाशी दळणाच्या. मकर संक्रांतीपर्यंत तीन भाग झाले. चौथा हळदीचा. तो माजघरात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला बसली तर जात्यापाशी कुणी नव्हतं.

हौशी माजघरात बसली होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे होते.

शकूने डोळे उघडले. खरं माजघर नेहमीसारखं होतं. दोरीवर धर्माचा सदरा, कोपऱ्यात मिठाची पाटी. हळदीचंच गाणं म्हणत होतो, म्हणून हळद दिसली, तिने स्वतःची समजूत घातली. मन आहे, जे चाललंय तेच दाखवणार. ती उठून पाणी प्यायली आणि भाताला आधण ठेवलं.

तरी संध्याकाळी तिने मुद्दाम डोळे मिटून पाहिलं. गाणं नाही, काही नाही, नुसती आपली पोरगी बघायची म्हणून. जात्यापाशी सूप होतं, तांदूळ होते. तिला कितीही बोलावलं तरी हौशी तिथे येईना. ती माजघरातच, पिवळे हात मांडीवर उपडे ठेवून, शहाण्यासारखी बसून राहिली. आणि या वेळी शकूला दिसलं की हळद पाठीलाही लागली आहे, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे कुणाचाच आपला हात पोचत नाही.

पाचवा भाग चुड्याचा. तो चुलीपाशी ठेवला. हौशी चुलीपाशी गेली आणि तिच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या आल्या, तिच्या मनगटाला ढगळ. सहावा नहाणाचा. ती रांजणापाशी गेली, केस ओले, निथळणारे. बांगड्या भरणारं, पाणी घालणारं तिथे कुणीच नसायचं. सगळं शकू पोचायच्या आधी उरकलेलं असायचं.

दर वेळी मागे काहीतरी राहून जात होतं. चुलीपाशी पोचल्यावर एके दिवशी शकूच्या ध्यानात आलं की हौशी आपल्याला हाक कशी मारायची ते आपल्याला ऐकू येत नाही. शब्द ठाऊक होता, "आये". पण तो कुठल्या आवाजात, ते गेलं होतं. रांजणानंतर ती कडेवर घेतल्यावर किती जड लागायची ते गेलं. शकू उभ्या उभ्या कमरेवर हात ठेवून आठवत राहिली. तिने भाताची पाटी उचलून कडेवर घेतली, काही उपयोग झाला नाही.

आणि झेलणं. ती एकटी सरावाला बसायची, मागे बायका नसायच्या, तेव्हा एक ओळ संपली की लगेच दुसरी उचलायला हवी. पण ती थांबायची. बायकांना ओळ झेलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच, बरोबर तेवढाच थांबून मग पुढे जायची. आपण कुणासाठी थांबतो हे तिला कळेना. ऐकू काहीच येत नव्हतं. पण ती शांतता भाताच्या कणगीच्या मागून येते आहे असं तिला वाटायचं, आणि कणगीच्या मागे तर भिंत होती. तिने एकदा उठून त्या भिंतीवर हात ठेवला. कुडाची, शेणाने सारवलेली, कोरडी. पलीकडे शेजाऱ्यांचा गोठा आणि म्हशीचं रवंथ.

सातव्या भागाला, देवांपाशी, हौशीच्या कपाळाला मुंडावळ्या होत्या. तेव्हा मात्र शकूची समजूत संपली. धवला कुणाचा चालला आहे, ते तिला कळलं.

४

तिने सगळं रंभाबायला सांगितलं. सांगताना रडली नाही, पण पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली. रंभाबाय ऐकत होती. तिचा धड असलेला उजवा हात पांघरुणावर सरकत शकूच्या गुडघ्यावर आला.

"किती वर्सांची?"

"सहा."

"माझी बारकी बहीन व्हती," रंभाबाय म्हणाली. "ती पन अशीच. मी पन नाय काढली घरातून."

"मंग?"

"मंग काय. सगला गायली. शेवटचा बोलवनीचा असतो ना, नवरीला पाठवनीचा, तो गायली. त्या दिसापासून मना तिचा तोंड नाय आठवत. नाव आठवतं. कुठल्या सालची ता आठवतं. तोंड नाय."

"कोन घेऊन जातं?"

"मी डोले मिटले, बाय. मनातल्या मनात पन मिटता येतान डोले. बरी गेली का वाईट गेली, ता पन म्हाईत नाय."

शकूला एकदम राग आला. "ह्या मना आधी का नाय सांगितला?"

"सांगितला असता तर काढली असतीस?"

बाहेर अंगणात कुणीतरी सुकट पसरत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता. काढली नसती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"इथंच सोड," रंभाबाय म्हणाली. "नको गाऊ."

सोडायचंच असं ठरवून शकू घरी आली, तर ओटीवर येसू बसलेली. सतरा वर्षांची, हौशीला कडेवर घेऊन गावभर फिरलेली येसू. ती पलीकडच्या गिरीज गावातून, वाडीवाल्याच्या बागेतली केळी घेऊन आली होती, काकीला आवडतात म्हणून. लग्नाच्या साड्यांबद्दल, सासूबद्दल, भरभरून बोलत राहिली. मग जायला उठली तेव्हा म्हणाली, "काकी, हौशी असती तर माझी करवली झाली असती ना गो? बाबा बोलतो, तुला नाय जमला तर रेकॉर्ड लावू. पन बोलवनीशिवाय मना मांडवाबाहेर पाय टाकवनार नाय. तू हायेस म्हनून मना बरा वाटते."

आता या पोरीला काय सांगायचं? की तुझ्या सहा वर्षांपूर्वी मेलेल्या बहिणीसाठी मी तुझं गाणं अडवते? शकूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि केळी आत नेऊन ठेवली.

वाट रंभाबायनेच काढली. शकूने आठव्या भागापर्यंत गायचं, कणगीपर्यंत. नववा शिकायचाच नाही. शिकलाच नाही तर ठेवायचा कुठे? रंभाबायला खुर्चीत बसवून मांडवात न्यायचं आणि बोळवण तिने म्हणायची. "माझ्या घरात आता कोनच नाय," ती म्हणाली. "मी म्हनली तर कोनाचा काय जात नाय. तीस ओली हायेत. तेवढा दम हाय मना." शकूने झेलायचंही नाही, तोंड मिटून बसायचं, असंही ठरलं.

शकूला किती दिवसांनी भूक लागली. त्या रात्री तिने धर्माच्या बरोबरीने भात खाल्ला. पोरगी कणगीपाशी राहील. बांगड्या घालून, हळद लावून का होईना, घरात राहील. एवढं तिला पुरे होतं.

५

लग्न वैशाखातल्या शनिवारचं. मांडवाला आंब्याचे डहाळे बांधले होते. गिरीजचा क्लेमेंट लाउडस्पीकर घेऊन आला होता आणि सकाळपासून रेकॉर्डी वाजवत होता. शकू पाटावर बसली तसा त्याने आपण होऊन कर्णा बंद केला.

शकूने गायला सुरुवात केली. अंगण, ओटी, जातं. मागच्या बायका झेलत होत्या, आणि त्यांच्या आवाजाने तिला धीर आला. खऱ्या मांडवात येसूला हळद लागली, चुडा भरला, अक्षता पडल्या. शकू प्रत्येक विधीला उठायची, बसायची, आणि मनातल्या घरातून एकेक जागा ओलांडत आत जायची. दुपार उतरायला लागली तेव्हा ती कणगीपाशी पोचली.

हौशी तिथे उभी होती. आतापर्यंत ती कायम बसलेली असायची. नवरीचा जरीचा हिरवा पदर तिच्या घोट्याखाली लोळत होता. आणि कणगीच्या मागे भिंत नव्हती. तिथे दार होतं, उघडं, आणि दारात खाडीवरच्या पाण्याचा उजेड हलत होता.

शकूने आठव्याची शेवटची ओळ म्हटली आणि ओठ घट्ट मिटले.

चौघांनी रंभाबायची खुर्ची पुढे आणली. येसू मान खाली घालून मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. तिच्या आईने तिला धरलं. रंभाबायने डोळे मिटले, मान ताठ केली आणि तोंड उघडलं.

नुसती हवा आली. तिने पुन्हा श्वास घेतला. ओठ हलत होते, गळ्याची शीर तटतटली होती, पण स्वर म्हणून काही उमटेना. तिने शकूकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी शरम, इतकी माया होती की शकूला तिच्याकडे बघवेना. हरेश्वरने टोपी काढून हातात घेतली. कुणीतरी खाकरलं. येसूचे खांदे हलायला लागले.

शकूने तोंड उघडलं नाही. नववा तिला येतच नव्हता, आणि यायलाही नको होता. ती मनातल्या घरात धावत कणगीपाशी गेली आणि पोरीचा पदर दोन्ही हातांनी धरला. बोळवण अडली तर अडू दे. लोक थुंकले तर थुंकू दे. ही माझी आहे.

तेव्हा हौशीने गायला सुरुवात केली.

"मागल्या दालाशी लागली होडी, सोड आये माझा पदल गो."

तोच आवाज. तिला 'र' म्हणता येत नसे, तिचा कायम 'ल' व्हायचा. हेही शकू विसरली होती, आणि विसरली आहे हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांनी, इतक्या जवळून, कानाशी, तो आवाज आला आणि शकूच्या सबंध अंगाला पाझर फुटला. ओळ संपली. आणि दहा वर्षं जे केलं तेच तिच्या तोंडाने केलं. मनात विचार यायच्या आत तिने ओळ झेलली.

तिच्या मागच्या बायकांनी ती तिच्याकडून झेलली. मांडवभर एकच हुंदका उठला.

मग थांबता येईना. पोरगी ओळ उचलायची, शकू झेलायची. प्रत्येक ओळीगणिक पदर तिच्या मुठीतून वीतभर सरकत होता. तिने ओढलं नाही. ओढलं असतं तर गाणं अडखळलं असतं, आणि पोरगी काय सुरेख गात होती! एक शब्द चुकत नव्हती. कुठे शिकली, कुणाकडून शिकली, किती दिवस कणगीमागे बसून झेलत होती?

बहिणीच्या वेळी रंभाबायने डोळे मिटले होते. शकूने मिटले नाहीत. कोण न्यायला येतं ते बघायचंच, अनोळखी माणसाच्या हाती पोर द्यायची नाही, एवढं एकच आईपण तिला उरलं होतं.

दारात कुणी आलं नाही. शेवटच्या ओळीला एक हात आला. तो दाराच्या बाजूने आला नाही, वरून आला, चौकटीच्याही वरून, सावकाश खाली उतरत. लांब होता. कोपर कुठे संपतं ते दिसलं नाही. मनगटापर्यंत हळदीने पिवळा, नखांच्या कडांत जुनी हळद सुकून काळी पडलेली. तो पोरीच्या उंचीला येऊन थांबला आणि तळवा उघडून, घाई न करता, वाट बघत राहिला.

हौशीने वर बघितलंसुद्धा नाही. रोजच्या माणसाचा धरावा तसा तिने तो हात धरला, पदर सावरला, उंबरा ओलांडला. शकू तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे, मुंडावळ्यांच्या गाठीकडे बघत राहिली. एकदा वळेल म्हणून तिने शेवटची ओळ फार लांबवली. पोरगी वळली नाही.

मांडवात येसूने बाहेर पाऊल टाकलं. बायका तिला मिठ्या मारून रडत होत्या. एक जणी शकूचा हात धरून म्हणाली, "काय गायलीस गो, शकू! बोलवनीला किती बारीक सूर लावलास, अगदी पोरीसारखा."

६

पुढचे चार दिवस शकू मिठागरावर गेली, आली, स्वयंपाक केला. रंभाबाय तिसऱ्या दिवशी झोपेत गेली, शांतपणे. तिला पोचवायला सारं गाव होतं. मागल्या आळीतला एक जण तिथेच शकूला म्हणाला, माझ्या पोरीचं जेठात आहे, येशील ना. शकूने मान हलवली. हो म्हणाली की नाही ते तिचं तिलाही कळलं नाही.

मनातलं घर आता लख्ख होतं. ती अंगणापासून कणगीपर्यंत केव्हाही जाऊन यायची. कणगीमागे भिंत होती. जात्यापाशी सूप होतं, तांदूळ होते. आपल्याला एक मुलगी होती हे तिला ठाऊक होतं. नाव हौशी, जन्म अमुक सालचा, भादव्यात ताप, तीन दिवस. सगळं होतं. फक्त समोरून कुणी बघत नव्हतं. ती जितकी आठवायला जाई तितकी पाठमोरी गाठ दिसे, आणि तिच्या वर, चौकटीपलीकडे गेलेला तो हात.

पाचव्या दिवशी दुपारी धर्मा ओटीवर टोपली विणत बसला होता. शकू जाऊन त्याच्यासमोर बसली.

"हौशी दिसायला कशी व्हती?"

धर्माचे हात थांबले. सहा वर्षांत हे नाव या घरात कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. तो टोपली बाजूला ठेवून उठायला लागला. शकूने त्याचं मनगट धरलं.

"मी इसरले," ती म्हणाली. "खरा सांगते. काल घरभर तिचा तोंड शोधला, कुठंच नाय. तुमच्याजवल हाय का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. वेड लागलं की काय असं त्याच्या मनात आलं असावं. मग त्याने तिचे डोळे बघितले आणि परत खाली बसला. बोलला तेव्हा रस्त्याकडे बघत बोलला.

"कपाल मोठा व्हता. तुझ्यावानी."

"कपाल मोठा व्हता. माझ्यावानी."

"भिवया जुललेल्या."

"भिवया जुललेल्या."

"हसली का डावा डोला आधी बारीक व्हायचा. मंग उजवा."

शकू ते म्हणाली. ती डोळे उघडे ठेवून, समोरच्या मिठाच्या ढिगांवरचं ऊन बघत म्हणत होती. यातलं काहीही मनातल्या घरात ठेवायचं नव्हतं.

"खालचा दात पडला व्हता. ती त्यात जीभ घालायची. मी रागवायचो, दात वाकडा येल म्हनून." धर्माने उपरण्यात तोंड खुपसलं आणि तो मोठ्याने, लाज न बाळगता, रडू लागला.

शकूने ती ओळ म्हटली. त्याचं रडणं ओसरेपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आता परत पयल्यापासून सांगा," ती म्हणाली.